गळतंय म्हणून आवळू नका

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एखाद्या जुन्या वर्कशॉपसमोर थोडा वेळ उभं राहिलात, तर पॅकिंग, म्हणजे यंत्राच्या दोन भागांमध्ये गळती अडवायला बसवतात ते गॅस्केट, कापायची जुनी पद्धत अजूनही बघायला मिळेल. मिस्त्री पॅकिंग शीटचा तुकडा थेट कास्टिंगवर ठेवतो आणि छोट्या हातोडीनं कडेकडेनं हलकं ठोकत जातो. माप नाही, पेन्सिल नाही. खालच्या लोखंडाची धारच शीट कापते. बोल्टच्या भोकांवर हातोडीची गोल बाजू टेकवून दोन टोले दिले की गोल चकत्या निघून पडतात. दहा मिनिटांत त्या कास्टिंगचा हुबेहूब कागदी जुळा तयार.

ओतकाम आणि मशीनिंग इथं गल्लोगल्ली चालतं. तरी कोल्हापुरातल्या पार्किंगच्या फरशांवर गाड्यांतून गळलेल्या तेलाचे काळे डाग कमी नाहीत, आणि डाग दिसला की बहुतेक जण पाना घेऊन बोल्ट आवळायला धावतात. गळती मात्र सहसा थांबत नाही. ती का थांबत नाही हे कळलं, तर टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या सर्वांत वरच्या झाकणाचं, पॅकिंग घरी बदलणं फार अवघड नाही.

धातूचे दोन सपाट भाग एकमेकांवर घट्ट बसवले तर मध्ये पॅकिंग कशाला हवं? कारण ते सपाट नसतात. फेसिंग करून, म्हणजे मशीनवर सपाट करून, आरशासारखा झालेला पृष्ठभागही सूक्ष्मदर्शकाखाली डोंगर-दऱ्यांचा दिसतो. दोन भाग फक्त शिखरांवर टेकतात आणि दऱ्यांतून तेलाला वाट मिळते. शिवाय इंजिन तापतं आणि धातू फुगतो. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. ४० सेंटिमीटर लांबीचं ॲल्युमिनियमचं हेड, म्हणजे सिलिंडरांना वरून बंद करणारा भाग, २५ अंशांवरून १०५ अंशांवर गेलं की सुमारे पाऊण मिलिमीटर वाढतं, त्याखालचा, सिलिंडर ज्यात असतात तो बिडाचा ब्लॉक त्याच्या निम्माच. दर वेळी गाडी तापली की दोन्ही भाग एकमेकांवर सरकू पाहतात. मधल्या पॅकिंगनं दऱ्या भरायच्या आणि ही सरकासरकीही सोसायची.

फट किती आहे याला इथं फार महत्त्व आहे. अरुंद फटीतून वाहणारा द्रव फटीच्या उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाहतो. फट निम्मी झाली तर गळती एक अष्टमांशावर येते आणि दुप्पट झाली तर आठपट होते. त्यातच तेल तापलं की पातळ होतं. नेहमीचं ५डब्ल्यू-३० दर्जाचं इंजिन ऑइल ४० अंशांना जितकं दाट असतं, त्याच्या साधारण एक षष्ठांश दाटपणा त्यात १०० अंशांना उरतो. म्हणून गावात फिरताना कोरडी वाटणारी गाडी करूळ घाट चढून गगनबावड्यात थांबली की धुरकट वास देते. टॅपेट कव्हरमधून उतरलेलं तेल इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडून जळतं, त्याचा तो वास. याकडे काणाडोळा करू नये. मॅनिफोल्ड तेल पेटण्याइतकं तापू शकतं.

बहुतेक गाड्यांत आज टॅपेट कव्हरचं पॅकिंग कागदाचं नसतं, साच्यातून काढलेल्या रबराचं असतं आणि कव्हरच्या खाचेत बसतं. रबर थोडं दाबलं गेलं की ते परत फुगायला बघतं आणि त्या धडपडीतच दोन्ही बाजूंना चिकटून राहतं. गळती थांबते ती या परत उसळण्याच्या ताकदीवर. पण रबराच्या लांब साखळ्या जिथं एकमेकींना बांधलेल्या असतात, ते बंध वर्षानुवर्षांच्या उष्णतेत तुटतात आणि दाबलेल्या अवस्थेतच नव्यानं जुळतात. तेलातली रसायनं आणि हवेतला ऑक्सिजन त्यात भर घालतात. मग दाबलेला आकार हाच रबराचा मूळ आकार होऊन बसतो. कुकरची जुनी रिंग हातात घेतली की कळतं तेच हे.

जुनं पॅकिंग खाचेतून काढल्यावर बघा. नव्याच्या पाठीवर बारीक उभट कडा असतात. जुन्याची पाठ घासून काढल्यासारखी सपाट, अंगावर चमक, आणि वाकवलं तर मऊ न वळता कटकन तुकडा पडतो. मृत रबर. त्याला कितीही दाबलं तरी ते परत उसळणार नाही.

आता बोल्टकडे येऊ. बऱ्याच गाड्यांत टॅपेट कव्हरच्या बोल्टला मानेजवळ पायरी असते, किंवा कव्हरच्या भोकात धातूची नळी बसवलेली असते. पायरी टेकली की कव्हर त्यापुढं खाली जातच नाही. रबर किती दाबलं जावं हे कारखान्यानंच ठरवून ठेवलेलं असतं. त्यानंतर तुम्ही जो जोर लावता तो रबरापर्यंत पोचत नाही, बोल्टला ताणतो आणि हेडच्या ॲल्युमिनियममधले आटे ओरबाडतो. जिथं पायरी नसते तिथं जादा आवळलं की बोल्टजवळ कव्हर दबतं आणि दोन बोल्टच्या मध्ये कमानीसारखं उचललं जातं. गळती तिथून सुरू. उद्यमनगरातलं यावरचं वाक्य ठरलेलं आहे, “लई आवळू नगा, आटे जातील.” भौतिकशास्त्र त्याच्याच बाजूनं आहे.

आकड्यांत बघू. हे बोल्ट अनेकदा ६ मिलिमीटर जाडीचे असतात आणि त्यांना साधारण १० न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क, म्हणजे आवळताना द्यायचा पीळ, सांगितलेला असतो. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या. एवढा टॉर्क म्हणजे १० सेंटिमीटरच्या दांडीवर १० किलोचा जोर, मनगटाचं काम. पण कोरड्या आट्यांवर तेवढ्यातच बोल्ट सुमारे ८०० किलोच्या ताणाखाली येतो. गंमत अशी की लावलेल्या टॉर्कचा जेमतेम दहावा हिस्सा या ताणासाठी वापरला जातो, बाकीचा बोल्टच्या डोक्याखाली आणि आट्यांमधल्या घर्षणात जिरतो. म्हणून आट्यांना तेल लागलं असेल तर घर्षण घटतं आणि त्याच टॉर्कला ताण १,२०० किलोच्याही पुढं जाऊ शकतो, म्हणजे एवढ्या बोल्टच्या सोसण्याच्या हद्दीवर. “हाताच्या अंदाजानं” आवळणाऱ्यांचे बोल्ट तुटतात त्यामागं बरेचदा हेच तेल असतं. त्यामुळे आटे पुसून कोरडे करा आणि टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या टॉर्कपर्यंत आवळता येणारा पाना, विकत घ्या किंवा ओळखीच्या गॅरेजमधून मागून आणा.

काम सुरू करण्याआधी गळती नक्की कुठून आहे ते शोधा. तेल वाऱ्यानं मागं ढकललं जातं आणि उतारानं खाली येतं. त्यामुळे डाग चेंबरखाली, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीखाली, दिसला म्हणून दोष चेंबरच्या पॅकिंगचाच असेल असं नाही. थंड इंजिन डीग्रीझरनं धुऊन वाळवा, संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरवा, थोडा वेळ गाडी चालवा आणि बंद करून वरून खाली बघत या. ओली पावडर जिथं सर्वांत वर दिसेल तिथं मूळ.

आणखी एक गोष्ट बघा, ती बहुतेक जण विसरतात. पिस्टनच्या कडेनं थोडा वायू खाली इंजिनच्या पोटात उतरतच असतो. तो पीसीव्ही व्हॉल्व्ह नावाच्या छोट्या झडपेतून परत इनटेकमध्ये, म्हणजे इंजिन हवा ओढतं त्या वाटेत, जातो. हा व्हॉल्व्ह काजळीनं तुंबला की आतला दाब वाढतो आणि तेलाला सांध्यांतून बाहेर ढकलतो. अशा वेळी नवं पॅकिंगही फार दिवस टिकणार नाही. व्हॉल्व्ह स्वस्त असतो, पॅकिंगबरोबरच बदलून टाका.

प्रत्यक्ष काम बरंचसं स्वच्छतेचं आहे. इंजिन पूर्ण थंड, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली. कॉइल आणि नळ्या काढण्याआधी मोबाइलवर फोटो. स्पार्क प्लग ज्या खोल भोकांत बसतात त्या विहिरींत तेल साचलं असेल तर प्लग काढण्याआधी ते टिपून घ्या, नाहीतर ते सिलिंडरमध्ये उतरेल. विहिरींची सीलही वेगळी मिळतात, तीही बदला. हेडची कड प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडा. इथं पॉलिश पेपर वापरायचा मोह होतो, तो टाळा. त्याचे कण तेलात मिसळून थेट बेअरिंगपर्यंत जातात. फार जुन्या गाडीचं पॅकिंग असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. ते ओलं करूनच काढा, धूळ उडू देऊ नका.

रबराच्या पॅकिंगवर सिलिकॉन सीलंट सगळीकडे फासणं ही आपल्याकडची लाडकी सवय. रबर कोरडंच बसवायचं असतं. हेड आणि इंजिनाच्या टोकाचं टायमिंग कव्हर जिथं जुळतात त्या कोपऱ्यांवर मॅन्युअल सांगेल तेवढाच ठिपका द्या. जादा लावलेलं सीलंट आतल्या बाजूला पिळून येतं, तुटतं आणि ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन अडकतं. हे सीलंट वाळत नाही, हवेतली वाफ शोषून पक्कं होतं. त्यामुळे एप्रिलच्या कोरड्या दुपारपेक्षा कोल्हापूरच्या जुलैत ते लवकर जमतं. ट्यूब उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती इंजिनासाठी नव्हे, गाडीच्या सेन्सरला न बाधणारी ट्यूब मागा.

बोल्ट आधी बोटांनी लावा, मग मधून बाहेरच्या दिशेनं दोन-तीन फेऱ्यांत टॉर्कपर्यंत न्या. सीलंट लावलं असेल तर त्याच्या पाकिटावर दिलेला वेळ थांबा, बहुधा एक दिवस. पहिल्यांदा गाडी सुरू केल्यावर थोडा धूर येईल, तो मॅनिफोल्डवरच्या जुन्या तेलाचा. काही दिवसांनी “एकदा परत आवळून घेऊ” असं मनात येईल. तसं करू नका, मॅन्युअलमध्ये लिहिलं असेल तरच.

चेंबरचं पॅकिंगही घरी होतं, पण गाडी नुसत्या जॅकवर उभी करून खाली शिरू नका, जॅक स्टँड हवेतच. काढलेलं जुनं तेल गटारात न ओतता डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या. हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं हेड गॅस्केट मात्र घरच्या अंगणात उघडू नये. ज्वलनाच्या वेळी पेट्रोल इंजिनातला दाबसुद्धा हवेच्या दाबाच्या पन्नास पटींहून वर जातो, आणि हेडला मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतका वाक आला तरी नवं गॅस्केट फुकट जातं. तो वाक सरळपट्टी आणि फिलर गेजनं, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांनी, मोजावा लागतो आणि गरज पडली तर हेडचं फेसिंग करावं लागतं. त्यासाठी उद्यमनगर आहेच.