कोड पाठवला म्हणजे मालकी दिली, असं नाही

दारव्हा-आर्वीकडच्या पोरांकडून नेहमी ऐकतो: कापसाच्या हिशेबाचं छोटं ॲप ऑनलाइन विकलं, पैसे खात्यात आले, ॲपचा कोड (ॲप ज्यावर चालतं तो लिहिलेला प्रोग्राम) पाठवला, की सौदा पुरा. हे खरं नाही.

कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार संगणक प्रोग्राम ही साहित्यकृतीच. तिचे हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर लेखी, सही केलेला करार लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षांचीच धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. गिऱ्हाईक परदेशातलं असेल तर भांडण इथंच पेटतं, म्हणून या दोन ओळी आधी लिहून घ्या, ही कळकळीची विनंती.

नोकरीत कामाचा भाग म्हणून लिहिलेला कोड, वेगळा करार नसेल तर, कंपनीचा असतो. तो विकूच नका. आणि ॲपसोबत डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, द्यायचा असेल तर त्याचं हस्तांतर वेगळं करावं लागतं.