१२० रोलमधली जुनी कटकट: जिलेटीन आणि कागद

ब्लॅक अँड व्हाइट १२० चा रोल (मागे कागद लावून गुंडाळलेली कॅमेऱ्याची फिल्म) खराब निघाला की लोक लगेच इमल्शनला (फिल्मवरचा जिलेटीनचा प्रकाशसंवेदी थर) नाहीतर डेव्हलपरला (फिल्म धुण्याचं रसायन) नावं ठेवतात, पण मागचा इतिहास बघितला तर मोठमोठ्या भानगडी कारखान्याबाहेरून येणाऱ्या मालातूनच झाल्यात.

१८८२ मध्ये कोडॅकचा संस्थापक जॉर्ज ईस्टमनच्या ड्राय प्लेट्स (इमल्शन लावलेल्या फोटोच्या काचा) अचानक बिघडल्या, त्याने विकलेला माल परत घेऊन बदलून दिला, आणि शोधता शोधता दोष निघाला जिलेटीनमध्ये. म्हणजे नेमकं काय, ते कळायला १९२५ उजाडलं. कोडॅकच्या सॅम्युअल शेपर्डने दाखवलं की जिलेटीन येतं गुरांच्या हाडा-कातड्यांतून, त्या गुरांच्या चाऱ्यात मोहरीच्या जातीच्या वनस्पती असल्या की त्यातला गंधक थोडासा जिलेटीनमध्ये उतरतो आणि त्यानेच फिल्मचा स्पीड, म्हणजे उजेड टिपण्याची क्षमता, वाढतो; तो नसला की ती मंद पडते. यानंतर १९३० मध्ये कोडॅकने जिलेटीनचा कारखानाच विकत घेतला, माझ्या मते क्वालिटी कंट्रोल खऱ्या अर्थाने इथे सुरू झाला.

कागदाची गोष्ट तर त्याहून भारी आहे. १९४५ मध्ये एक्स-रे फिल्मवर ठिपके यायला लागले, कोडॅकच्या ज्युलियन वेबने माग काढला तो पोचला इंडियानातल्या व्हिन्सेन्सच्या पुठ्ठा गिरणीपर्यंत. जुलैमध्ये न्यू मेक्सिकोत पहिल्या अणुबॉम्बची चाचणी झाली होती, तिची किरणोत्सारी धूळ हजार मैलांहून लांब नदीच्या पाण्यात पडली आणि तेच पाणी फिल्मच्या पॅकिंगच्या पुठ्ठ्यात गेलं!

आता १२० कडे या. १९०१ मध्ये ब्राउनी कॅमेऱ्यासाठी हा रोल निघाला, ३५ एमएमसारखी डबी नाही, उजेडापासून वाचवायला मागे फक्त काळा कागद आणि मागच्या लाल खिडकीतून दिसावेत म्हणून त्या कागदावर छापलेले आकडे. गुंडाळलेल्या रोलमध्ये इमल्शनची बाजू आत असते, त्यामुळे ती टेकते थेट आतल्या वेढ्याच्या कागदाच्या छापील बाजूवर, म्हणजे शाईवरच, आणि अशी महिनोन् महिने टेकून राहते. त्यात उष्णता, दमटपणा मिळाला की आकडे निगेटिव्हवर उमटतात, फोटोतल्या मोकळ्या आकाशाच्या भागात तर स्पष्ट वाचता येतात. आपल्याकडे कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात रोल उघडे ठेवणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

२०१६ च्या सुमारास कोडॅकच्या टी-मॅक्स आणि ट्राय-एक्स या फिल्मांच्या १२० रोलांवर हेच झालं. त्या विकणाऱ्या कोडॅक अलारिस कंपनीने ते मान्य केलं, कुठल्या इमल्शन नंबरांना धोका आहे तेही सांगितलं आणि रोल बदलून दिले, हे मला प्रामाणिकपणाचं वाटतं. नंतर कागद बदलला, आकडे फिके केले, पण त्यामुळे लाल खिडकीच्या जुन्या कॅमेऱ्यात आता ते दिसायलाच मारामार होते, टॉर्च धरून रोल सरकवावा लागतो.