फीडचे काम आमच्याकडे देण्याआधी

तुमच्या संकेतस्थळावर नवा लेख आला की तो वाचकाच्या रीडरमध्ये (अनेक संकेतस्थळांचे लेख एकत्र दाखवणाऱ्या साधनात), मोबाइल ॲपमध्ये किंवा दुसऱ्या संस्थेच्या पानावर आपोआप दिसावा, अशी मागणी घेऊन ग्राहक येतात. एक फाइल तर बनवायची आहे, दोन दिवसांचे काम, असा बहुतेकांचा समज असतो. फाइल खरोखरच दोन दिवसांत होते. पण ती पुढची दहा वर्षे त्रास न देता चालायची असेल, तर काही गोष्टी आधीच ठरवाव्या लागतात. त्यासाठी हे पत्रक.

फीड म्हणजे तुमच्या ताज्या लेखांची, यंत्राला वाचता येईल अशी यादी. प्रत्येक नोंदीत शीर्षक, दुवा, तारीख, मजकूर किंवा सारांश आणि एक ओळख असते. रीडर ठरावीक वेळाने येतो, यादी उचलतो, आधी पाहिलेल्या नोंदी गाळतो आणि उरलेल्या नव्या म्हणून दाखवतो. म्हणजे तुम्ही कोणाला काही पाठवत नाही, ते येऊन घेऊन जातात. कोण घेऊन गेले आणि त्याने त्याचे काय केले, हे तुम्हाला कळत नाही. एकदा बाहेर गेलेली नोंद परतही घेता येत नाही.

कोणता साचा घ्यावा

फीड लिहिण्याचा एक साचा म्हणजे आरएसएस. त्याचा जन्म १९९९ साली नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत झाला. पुढे त्याला दोन फाटे फुटले. २००० सालचा आरएसएस १.० आणि २००२ सालचा २.० ही एकाच घराण्यातली थोरली-धाकटी भावंडे नाहीत, त्यांची घडणच वेगळी आहे. आकडा मोठा म्हणून आवृत्ती सुधारलेली, असे इथे समजू नका.

आरएसएस २.० सोपा आहे, पण काही बाबतींत मोघम. समजा तुमच्या लेखाचे शीर्षक आहे ‘<बी> हा टॅग कधी वापरावा’. शीर्षकातला मजकूर साधा मानायचा की एचटीएमएल, हे आरएसएस स्पष्ट सांगत नाही. त्यामुळे एक रीडर शीर्षक जसेच्या तसे दाखवतो, तर दुसरा टॅग गिळून टाकतो आणि पुढचे सगळे ठळक करतो. हा गोंधळ मिटवण्यासाठी २००३ साली ॲटम या दुसऱ्या साच्याचे काम सुरू झाले आणि डिसेंबर २००५ मध्ये तो आरएफसी ४२८७ म्हणून प्रमाणित झाला (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज). मजकूर कोणत्या प्रकारचा आहे, हे ॲटममध्ये स्पष्ट लिहिता येते.

म्हणून नव्या कामाला आम्ही ॲटम सुचवतो. पॉडकास्ट असेल तर मात्र आरएसएस २.०च, कारण पॉडकास्टच्या जगात तोच चालतो. २०१७ साली आलेला जेसन फीड, म्हणजे जेसन या वेगळ्या पद्धतीने लिहिलेली तीच यादी, हवा असेल तर तोही देऊ, पण एकटा नाही, सोबतीला.

आरएसएस असो वा ॲटम, दोन्ही एक्सएमएलमध्ये, म्हणजे टॅगांनी बांधलेल्या मजकुरात, लिहितात. त्यात एखाद्या शीर्षकात ‘&’ हे चिन्ह उघडे राहिले तर तेवढीच नोंद बिघडत नाही, अख्खा फीड वाचायचा थांबतो. म्हणून शब्द जोडून फीड तयार करणारा कोड आम्ही लिहीत नाही. हे काम एक्सएमएलच्या लायब्ररीकडेच, म्हणजे त्यासाठीच्या तयार कोडकडेच, द्यावे.

ओळख: इथे हात आखडू नका

नोंदीच्या ओळखीला आरएसएसमध्ये ग्विड म्हणतात, ॲटममध्ये आयडी. नवे काय आणि जुने काय, हे रीडर मुख्यतः यावरूनच ठरवतो. लेखाचा पत्ता हीच ओळख म्हणून वापरायचा मोह सगळ्यांना होतो. आम्हालाही झाला होता.

एका ग्राहकाचे संकेतस्थळ एचटीटीपीवरून सुरक्षित एचटीटीपीएसवर नेले. फीडमधली ओळख दर वेळी पत्त्यावरून बनत होती, त्यामुळे पत्त्यात एक ‘एस’ वाढताच वीसच्या वीस नोंदी नव्या ठरल्या. रीडरमध्ये जुने लेख न वाचलेले म्हणून परत आले, ते एक वेळ चालले असते. पण त्याच फीडवरून वर्गणीदारांना ईमेल जात होत्या. एका रात्रीत प्रत्येकाला वीस. आम्ही ब्राउझरमध्ये पाने तपासली होती, ती अगदी ठीक होती. चूक सर्वस्वी आमची.

तेव्हापासून लेख पहिल्यांदा जतन होतो तेव्हाच ओळख तयार करून डेटाबेसमध्ये वेगळ्या रकान्यात ठेवतो आणि पुन्हा कधीही ती नव्याने काढत नाही. डोमेन बदलो, शीर्षक बदलो, रकाना तोच. ओळख कशी लिहावी यासाठी आरएफसी ४१५१ मध्ये ‘टॅग’ नावाची पद्धत आहे: डोमेन, ते तुमच्या मालकीचे होते अशी एखादी तारीख आणि पुढे तुमचा क्रमांक. तुमचे जुने फीड चालू असतील तर आधीच्या ओळखी आहेत तशाच राहू द्या, कितीही ओबडधोबड असल्या तरी.

तारखांचेही थोडेफार असेच. आरएसएसमध्ये ईमेलच्या जुन्या पद्धतीची तारीख लागते, वार आणि महिना इंग्रजीत. सर्व्हरची भाषा मराठी ठेवलेली असेल आणि कोडने त्यावरून ‘मंगळ, १० जून’ छापले, तर रीडरला तारीखच कळत नाही. ॲटममध्ये आकडेच असतात, ही भानगड नाही. तिथे ‘प्रकाशित’ आणि ‘अद्ययावत’ अशा दोन तारखा ठेवता येतात. दुसरी कधी बदलायची ते तुम्ही ठरवायचे. एक वेलांटी सुधारली म्हणून लेख पुन्हा वर आणू नये, असे आमचे मत.

सर्व्हरवरचा भार

दर पंधरा मिनिटांनी येणारा रीडर दिवसात ९६ वेळा येतो. फीड २०० केबीचा असेल तर एकट्या त्या रीडरसाठी रोज सुमारे १९ एमबी. यावर उपाय एचटीटीपीमध्येच आहे. सर्व्हर फीडसोबत ईटॅग नावाची खूण देतो, रीडर पुढच्या वेळी ती दाखवतो आणि काही बदलले नसेल तर सर्व्हर ३०४ (‘बदल नाही’) एवढेच उत्तर देऊन मोकळा होतो. बातमी लगेच पोहोचायला हवी असेल तर वेबसब, म्हणजे नवे काही आले की लगेच कळवणारी पद्धत, जोडतो. २०१८ पासून ती वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीची शिफारस आहे.

उलट दिशा: ॲपमधून ब्लॉगवर

फीड वाचण्यासाठी, तर प्रकाशनाचे प्रोटोकॉल, म्हणजे ॲप आणि सर्व्हरने एकमेकांशी बोलण्याचे ठरलेले नियम, लिहिण्यासाठी. २००२ सालचा मेटावेबलॉग हा असा प्रोटोकॉल अजून काही ठिकाणी भेटतो. त्यात प्रत्येक विनंतीबरोबर नाव आणि पासवर्ड जातो, त्यामुळे एचटीटीपीएस नसेल तर आम्ही हे काम घेत नाही. २००७ सालचा ॲटमपब, म्हणजे आरएफसी ५०२३, आम्हाला फार आवडतो. लेख पाठवला की २०१ (‘तयार झाले’) असे उत्तर येते आणि सोबत नव्या लेखाचा पत्ता. दोन संपादक एकाच लेखावर बसले, तर ईटॅगच्या मदतीने दुसऱ्याला ४१२ (‘अट जुळत नाही’) सांगून थांबवता येते, पहिल्याची मेहनत पुसली जात नाही. दुर्दैवाने तो फारसा रुजला नाही. वर्डप्रेस असेल तर आज सरळ रेस्ट एपीआय, म्हणजे बाहेरच्या ॲपने वर्डप्रेसशी बोलण्याचा नवा मार्ग, वापरावा. डिसेंबर २०१६ च्या ४.७ आवृत्तीपासून तो गाभ्यात आहे आणि ५.६ पासून प्रत्येक ॲपला वेगळा पासवर्ड देता येतो.

वर्डप्रेसचे जुने एक्सएमएल-आरपीसी (बाहेरच्या ॲपने आज्ञा देण्याचा मार्ग) ३.५ आवृत्तीपासून आपसूक चालू असते. त्यात एका विनंतीत अनेक आज्ञा कोंबता येतात, आणि याचाच फायदा घेऊन पासवर्ड ओळखण्याचे हल्ले झाले आहेत. वापर नसेल तर ते बंद करू. पण आधी विचारू, कारण कोणाचे तरी जुने ॲप त्यावरच चालत असते.

‘लेख दोनदा प्रसिद्ध झाला’ ही तक्रार नेहमीची. ॲपने लेख पाठवला, सर्व्हरने घेतला, पण २०१ परत येण्याआधी नेटवर्क तुटले. ॲपला वाटले, गेलाच नाही. आम्ही प्रत्येक मसुद्याला ॲपमध्येच खूण देतो आणि पुन्हा पाठवण्याआधी त्या खुणेचा लेख सर्व्हरवर आहे का ते पाहतो.

दुसऱ्यांचे फीड तुमच्या पानावर दाखवायचे असतील, तर त्यातला एचटीएमएल गाळून घेतल्याशिवाय एक ओळही छापत नाही. परक्याच्या फीडमधली स्क्रिप्ट तुमच्या पानावर तुमच्याच अधिकाराने चालते.

काम सुरू करताना आम्हाला सध्याच्या फीडचा पत्ता, त्यावर अवलंबून असलेल्या ईमेल किंवा ॲप सेवांची नावे आणि डेटाबेसची एक प्रत लागेल. पत्ता बदलणार असेल तर जुन्यावर ३०१ (‘कायमचा नव्या पत्त्यावर’) लावू आणि तो निदान काही वर्षे राहू देऊ. फीड कायमचा बंद करायचा असेल तर नुसती फाइल पुसू नका, आम्हाला कळवा. तिथे ४१० (‘कायमचे गेले’) लावतो, म्हणजे नीट लिहिलेले रीडर परत यायचे थांबतात.