पोळी पचते, पण पुरत नाही

कुत्रा मुळात मांसाहारी, त्याला पोळी-भात घालणं निसर्गाविरुद्ध आहे, असं हल्ली बरेच जण ठामपणे सांगतात. आणि आमचा मोत्या दूध-पोळीवर म्हातारा झाला, असं सांगणारं घरही जवळपास प्रत्येक गल्लीत सापडतं. दोन्ही बाजू अर्ध्याच बरोबर आहेत.

2013 साली स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातले एरिक अ‍ॅक्सेलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लांडगा आणि पाळीव कुत्रा यांचे जीनोम, म्हणजे सगळ्या जनुकांचे संच, ताडून पाहिले. स्वादुपिंडात तयार होणारं अमायलेज हे विकर अन्नातला स्टार्च फोडतं. ते बनवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात 2 प्रती असतात. कुत्र्यांमध्ये त्या 4 पासून 30 पर्यंत सापडल्या. माणूस शेती करू लागला, त्याच्या वस्तीतलं उष्टं-खरकटं खाऊन जगणाऱ्यांत ज्यांना धान्य जास्त पचलं ते टिकले. ऑस्ट्रेलियातल्या डिंगो या रानटी कुत्र्यांत आजही 2 च प्रती आहेत, हस्कीसारख्या बर्फाळ प्रदेशातल्या जातींतही त्या कमी आहेत; शेती करणाऱ्या माणसांबरोबर राहिलेल्या कुत्र्यांत जास्त. म्हणजे शिजवलेली पोळी, भात, भाकरी कुत्र्याला पचते, यात शंका नको.

पण पचणं वेगळं आणि पुरणं वेगळं. मोठ्या कुत्र्याच्या आहारात पाण्याचा अंश वगळून किमान 18 टक्के प्रथिनं असावीत, पिल्लांच्या आहारात 22.5 टक्के, असं पशुआहाराचे अमेरिकेतले मानदंड सांगतात. गव्हाच्या पिठात ती 10-12 टक्केच असतात, त्यातही लायसिन हे अमिनो आम्ल कमी. शिवाय कणकेतल्या कोंड्यात फायटेट असतं, ते जस्ताला धरून ठेवतं आणि आतड्यात शोषू देत नाही. नुसत्या पोळीवर वाढणाऱ्या पिल्लाच्या डोळ्यांभोवती, ओठांच्या कडेला आणि पंजांच्या गाद्यांवर जाड खपल्या धरतात, त्यामागे अनेकदा ही जस्ताची कमतरता असते. घरचे मात्र खरूज समजून मलम लावत राहतात.

दुधाचंही तसंच. पिल्लू मोठं होतं तसं दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज कमी होत जातं. कुणाला वाटीभर दूध सोसतं, कुणाला लगेच जुलाब होतात. दही बरं, कारण विरजणातले जिवाणू त्यातली थोडी साखर आधीच संपवतात.

मग चिकन-भात? प्रथिनांचा प्रश्न सुटतो, आणि तिथेच दुसरा, जास्त गंभीर प्रश्न उभा राहतो. बिनहाडाच्या 100 ग्रॅम चिकनमध्ये फॉस्फरस साधारण 200 मिलिग्रॅम आणि कॅल्शियम जेमतेम 10-15 मिलिग्रॅम. कुत्र्याला मात्र कॅल्शियम निदान फॉस्फरसइतकं तरी लागतं. रक्तातलं कॅल्शियम घसरू लागलं की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी कामाला लागतात आणि हाडांतून ते काढून रक्तात सोडतात. रक्ततपासणीत आकडा ठीक दिसतो. हाडं आतून पोकळ होत राहतात. जर्मन शेफर्डच्या पिल्लाला कौतुकानं रोज फक्त मटण घालावं आणि सोफ्यावरून उडी मारताना त्याचा पाय मोडावा, हे यामुळे होतं.

घरी करण्यासारखा उपाय म्हणजे अंड्याचं कवच. ते धुऊन, दहा-पंधरा मिनिटं उकळून, वाळवून मिक्सरमधून अगदी पिठासारखं बारीक करायचं. एका कवचातून जवळपास 2 ग्रॅम कॅल्शियम मिळतं. 20 किलोच्या निरोगी, पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्याला रोज 1 ग्रॅमच्या आसपास लागतं, म्हणजे अर्ध्या कवचाची पूड. लॅब्रॉडॉर, ग्रेट डेन अशा मोठ्या जातींच्या पिल्लांना मात्र ही पूड किंवा कॅल्शियमचं टॉनिक स्वतःच्या मनानं देऊ नका, विशेषतः ते तयार डॉगफूड खात असेल तर. लहान पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम अडवता येत नाही. नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठात ग्रेट डेनच्या पिल्लांवर झालेल्या अभ्यासांत दिसलं की जास्त कॅल्शियमनंही हाडांची वाढ बिघडते.

कॅल्शियम सांभाळलं तरी ड जीवनसत्त्व, आयोडीन, तांबं उरतंच. कुत्र्याच्या कातडीत उन्हानं पुरेसं ड जीवनसत्त्व तयार होत नाही, ते अन्नातूनच यावं लागतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी 2013 साली घरगुती कुत्र्याच्या जेवणाच्या 200 पाककृती तपासल्या. 95 टक्के पाककृतींत निदान एक तरी आवश्यक घटक कमी पडत होता. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: घरचं शिजवून घालायचं असेल तर जरूर घाला, पण त्याचं प्रमाण आणि वरून द्यायची पूरकं पशुवैद्याकडून ठरवून घ्या. ते जमणार नसेल तर चांगलं तयार खाद्य जास्त सुरक्षित. पाकिटावर ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’, म्हणजे परिपूर्ण आणि संतुलित आहार, असं लिहिलंय का आणि ते पिल्लासाठी आहे की मोठ्या कुत्र्यासाठी, एवढं आधी पाहा. ओल्या खाद्याच्या पाकिटावर 8 टक्के प्रथिनं वाचून ते हलकं समजू नका. त्यात 80 टक्के पाणी असेल तर उरलेल्या 20 भागांतले 8, म्हणजे 40 टक्के प्रथिनं झाली.

ज्या घरात मांस शिजत नाही त्यांनी निराश व्हायचं कारण नाही. मांजराला मांसातून टॉरिन हे अमिनो आम्ल मिळालंच पाहिजे. कुत्रा ते इतर अमिनो आम्लांपासून स्वतः बनवतो. अंडी, दही, पनीर, सोयाबीन यांच्यावर नीट आखलेला आहार चालतो. वरण-भात मात्र आखलेला आहार नव्हे.

आपल्या स्वयंपाकघरातला खरा धोका कांदा-लसणाच्या वाटणात आहे. त्यातली गंधकाची संयुगं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात आणि शिजवल्यानं निष्प्रभ होत नाहीत. रश्शातलं चिकन धुऊन घातलं तरी वाटण आत मुरलेलं असतंच. हिरड्या फिक्या पडणं, लघवी गडद होणं, हे दोन-चार दिवसांनी दिसतं. द्राक्षं आणि बेदाणे मूत्रपिंडं निकामी करतात. त्यामागे टार्टारिक आम्ल असावं असं आता मानलं जातं. तेच आम्ल चिंचेतही भरपूर असतं, आणि चिंच खाल्लेल्या कुत्र्यांची मूत्रपिंडं बिघडल्याच्या नोंदी आहेत. तेव्हा शिऱ्यातले बेदाणेही नकोत आणि चिंच-गुळाची आमटीही. असं काही खाल्लं असेल तर उलटी होण्याची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

आता प्रमाणाबद्दल, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. अमेरिकेत 48 लॅब्रॉडॉर पिल्लांच्या जोड्या लावून जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी, पण तेच अन्न आयुष्यभर दिलं गेलं. 2002 साली निष्कर्ष आले: जास्त खाणाऱ्यांचं मध्यक आयुर्मान (निम्मे कुत्रे ज्या वयापर्यंत जगले ते) 11.2 वर्षं, कमी खाणाऱ्यांचं 13 वर्षं. सांधेदुखीही त्यांना उशिरा लागली. पावणेदोन वर्षांहून जास्त आयुष्य, कुठल्याही औषधाशिवाय! आणि आपण काय करतो? 5 किलोच्या नसबंदी झालेल्या पॉमेरियनला दिवसाला सुमारे 370 कॅलरी लागतात. आजोबांच्या चहाबरोबर दोन, मुलं शाळेतून आली की दोन, अशी आठ ग्लुकोज बिस्किटं झाली की जवळपास 170 कॅलरी त्यातच गेल्या. वरचा खाऊ दिवसाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नसावा, म्हणजे या पॉमेरियनला दीड-दोन बिस्किटं.

किती घालायचं याचं उत्तर कुत्र्याच्या अंगावरच असतं. त्याच्या दोन्ही कुशींवर तळवे सपाट ठेवा. दाब न देता बरगड्या बोटांना मोजता आल्या पाहिजेत. लांबून नुसत्या नजरेला सगळ्या दिसत असतील तर तो बारीक आहे, दाबून शोधाव्या लागत असतील तर जेवण दहाएक टक्क्यांनी कमी करा. वरून पाहिलं तर बरगड्यांमागे कंबर आत गेलेली दिसावी. महिन्यातून एकदा त्याला उचलून काट्यावर उभे राहा आणि त्यातून तुमचं वजन वजा करा. खाद्य बदलायचं ठरलं तर जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत सात-आठ दिवसांत बदला, नाहीतर पोट बिघडतं आणि दोष चांगल्या अन्नाला लागतो.