पेट्रोलिया

कॅनडाच्या आँटॅरिओ प्रांतातील तेलनगरी. लॅम्बटन काउंटीत, सार्निया शहराच्या आग्नेयेस, बेअर क्रीक या ओढ्याकाठी वसलेली. लोकसंख्या सुमारे ६,०००. तेलउद्योगाचा आरंभ म्हणून पेनसिल्व्हेनियातील १८५९ च्या विहिरीचे नाव घेतले जाते. मात्र त्याच्या आदल्याच वर्षी हॅमिल्टनचे बग्गी-कारखानदार जेम्स मिलर विल्यम्स यांनी पेट्रोलियाच्या दक्षिणेस ऑइल स्प्रिंग्ज येथे विहीर खणून तेल काढले होते.

या भागात डांबरासारख्या घट्ट तेलाचा थर जमिनीवर आपोआप साचत असे. जानेवारी १८६२ मध्ये ऑइल स्प्रिंग्जला ह्यू निक्सन शॉ यांच्या विहिरीतून तेलाचा फवारा उडाला आणि तेथे माणसांची झुंबड उडाली. १८६६ मध्ये पेट्रोलियात मोठे साठे लागताच हीच गर्दी इकडे वळली. रेल्वे कंपनी फाटा टाकायला तयार होईना, तेव्हा तेलवाल्यांनी स्वतः पैसा उभारून जवळच्या वायोमिंग (आँटॅरिओ) स्थानकापर्यंत लोहमार्ग नेला. गाव टिकले ते यामुळे.

येथील विहिरी सुमारे १४० मी. खोल. वरचा साधारण ३० मी. थर चिकणमातीचा, त्याखाली चुनखडक. जड पोलादी छिन्नी अ‍ॅश लाकडाच्या, एकमेकींत आटे पाडून जोडलेल्या दांड्यांना लावून वरखाली आपटत आणि साचलेला चुरा नळकांड्याने उपसत. दांडी तुटली की छिन्नी तळाशी अडके. ती पकडून वर काढण्याची हत्यारे वेगळी ठेवावी लागत. वरच्या थरातले पाणी नळ घालून नीट अडवले नाही, तर ते खाली उतरून तेलाची वाट बंद करी.

एकेका विहिरीचे तेल थोडे, त्यामुळे प्रत्येकीवर स्वतंत्र वाफेचे इंजिन परवडणारे नव्हते. तेलउत्पादक जॉन हेन्री फेअरबँक यांच्या ‘जर्कर लाइन’ने हा प्रश्न सोडवला. इंजिन एकच. त्याच्या चाकाची फिरकी मागेपुढे सरकण्याच्या हालचालीत बदलते, आणि टांगलेल्या लाकडी दांड्यांच्या लांबलचक ओळी ती हालचाल शेतांतून विहिरीविहिरीपर्यंत पोचवतात. एका बाजूचे पंप खाली येताना त्यांचे वजन दुसऱ्या बाजूचे पंप उचलायला मदत करते. म्हणून एक विहीर ओळीपासून सोडवली की तिच्या जागी भार द्यावा लागतो, नाहीतर तोल बिघडून दांड्यांवर ताण येतो. कमी तेलाच्या विहिरीही चालवता येतील अशी ही युक्ती पेट्रोलियाचे खरे भांडवल होते.

तेलात गंधक फार. रॉकेलचा कुजका वास घालवण्यासाठी ते मुर्दाडशिंग (शिशाचे ऑक्साइड) आणि कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाबरोबर घुसळत. वास जाई, गंधक बरेचसे तसेच राही.

१८८० मध्ये लंडन (आँटॅरिओ) येथे स्थापन झालेल्या इंपीरियल ऑइलने १८८३ मध्ये तेथील कारखाना आगीत गेल्यावर पेट्रोलियाला मुख्य ठाणे केले. पिवळ्या विटांचे मनोऱ्याचे व्हिक्टोरिया हॉल (१८८९) याच भरभराटीचे: खाली नगरपालिका व अग्निशमन दल, वर नाट्यगृह. १८९८ मध्ये इंपीरियल ऑइल अमेरिकेच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीच्या ताब्यात गेली, शुद्धीकरण सार्नियाला हलले आणि पेट्रोलियाची रया गेली. कसबी वेधनकार (विहिरी खणणारे) मात्र त्याआधीच १८७० च्या दशकापासून जावा, पुढे सुमात्रा, बोर्निओ असे पांगू लागले होते. नगराध्यक्ष राहिलेले विल्यम मॅकगार्वी ऑस्ट्रियाच्या ताब्यातील गॅलिशियात गेले आणि तेथे त्यांनी मोठा तेलव्यवसाय उभारला.

तेलधनिक जेकब एंगलहार्ट यांचे घर पुढे रुग्णालय झाले. त्याला त्यांच्या पत्नीचे, शार्लट एलिनर यांचे, नाव आहे. व्हिक्टोरिया हॉल १९८९ च्या आगीत आतून जळाले. भिंती उभ्या राहिल्या, त्यांच्या आत नवे बांधकाम करून १९९२ मध्ये ते पुन्हा उघडले. आजही वरच्या मजल्यावर नाटके होतात. ऑइल स्प्रिंग्जला फेअरबँक घराण्याच्या शेतात लाकडी दांड्या अजून करकरत मागेपुढे सरकतात, आणि तिथले तेल सार्नियाच्या शुद्धीकरण कारखान्यात जाते.