सीपीआर शिकायला निघालात? आधी पुतळे मोजा

चार वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये सीपीआरचं, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून रक्त फिरतं ठेवण्याच्या तंत्राचं, पहिलं शिबिर झालं. खुर्च्या ८० आणि सरावाचा पुतळा एक. तासभर पडद्यावर स्लाइड सरकल्या. मग वक्त्यांनी पुतळ्याची छाती कशी दाबायची ते करून दाखवलं, पुढच्या रांगेतल्या पाच-सहा जणांनी दहा-दहा वेळा दाबून पाहिलं, चहा-बिस्किटं झाली आणि सगळ्यांना प्रमाणपत्रं मिळाली. माझ्या प्रमाणपत्रावर नावही शुद्ध छापलेलं होतं. पुतळ्याला मात्र माझा हात लागलाच नव्हता.

पुढे दोन वर्षांनी एका छोट्या वर्गाला गेले. नऊ जण, तीन पुतळे, सगळे सतरंजीवर गुडघे टेकून. मी दाबायला लागले तेव्हा वाटत होतं, आपण फारच जोर लावतोय, पुतळ्याची बरगडी मोडेल. खरं तर पुरेशा खोलीपर्यंत दाब गेला की त्या पुतळ्याच्या आतून ‘टक्’ असा आवाज यायला हवा होता, आणि तो काही येत नव्हता. शिकवणाऱ्या बाईंनी मागून येऊन माझी कोपरं सरळ केली. म्हणाल्या, “हातांनी नका दाबू. खांदे छातीच्या बरोबर वर आणा आणि कमरेपासून अंग टाका.” तसं केलं आणि आवाज आला. तेवढ्याने कळलं की आधीच्या शिबिरातून मी काहीच घेऊन आले नव्हते.

त्या ‘टक्’चा अर्थ ५ सेंटिमीटर. मोठ्या माणसाची छाती किमान एवढी खाली जायला हवी, पण ६ सेंटिमीटरच्या पुढे नको, आणि मिनिटाला १०० ते १२० वेळा. छातीच्या मधल्या हाडामागे हृदय आहे आणि त्याच्यामागे पाठीचा कणा. हाड खाली गेलं की हृदय मध्ये दाबलं जातं, रक्त बाहेर ढकललं जातं. हात वर आला की छाती फुगते आणि हृदय पुन्हा भरतं. हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळतं ते मुख्यतः या दुसऱ्या, सैल सोडण्याच्या क्षणी. म्हणून दमलेला माणूस छातीवर रेलून दाबत राहिला तर वरून सगळं ठीक दिसतं, पण आतला पंप अर्धामुर्धाच भरतो. उत्तम प्रकारे दाबलं तरी नेहमीच्या रक्तप्रवाहाच्या पाव ते एक तृतीयांशच रक्त फिरतं. तेवढंही मेंदूला तगवायला उपयोगी पडतं. काहीच केलं नाही तर चार ते सहा मिनिटांत मेंदूच्या पेशी कायमच्या निकामी व्हायला लागतात. रुग्णवाहिका कितीही चपळ असली तरी ही मिनिटं शेजारी उभ्या असलेल्या माणसाचीच असतात.

आणि तो माणूस बहुधा घरातलाच असतो, कारण हृदय अचानक बंद पडण्याच्या बहुतांश घटना घरीच घडतात. आपण सीपीआर शिकतो तो रस्त्यावरच्या अनोळखी माणसासाठी, असं मनात चित्र असतं. प्रत्यक्षात समोर असतात सासरे, नवरा, आई.

छाती न उघडता, बाहेरून दाबूनही रक्त फिरवता येतं हे कळून फार काळ लोटलेला नाही. १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम कौवेनहोवन हे विद्युत अभियंते हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या यंत्रावर काम करत होते. त्यांचा तरुण सहकारी गाय निकरबॉकर याच्या लक्षात आलं की, कुत्र्याच्या छातीवर यंत्राच्या जड पट्ट्या नुसत्या दाबल्या तरी त्याच्या मांडीतल्या धमनीतला दाब वाढतो. वीज अजून सोडलेलीच नव्हती! शल्यविशारद जेम्स ज्यूड यांच्यासह तिघांनी हे काम माणसांपर्यंत नेलं आणि १९६०मध्ये प्रसिद्ध केलं. त्याच वर्षी नॉर्वेतल्या स्टावांगरचे खेळण्यांचे कारखानदार ओस्मुंड लॅर्डाल यांनी सरावासाठी माणसाएवढी प्लास्टिकची बाहुली बनवली. म्हणजे तंत्र आणि सरावाचा पुतळा एकाच वर्षी जगापुढे आले. पुतळ्याला हात न लावता हे शिकवता येतं, अशी समजूत आपण नंतर करून घेतली.

म्हणून वर्ग निवडताना माझा पहिला प्रश्न एकच असतो: माणसं किती आणि पुतळे किती? तिघांमागे एक पुतळा असेल तर जावं. दहांमागे एक असेल तर ते व्याख्यान आहे, प्रशिक्षण नाही. दुसरा प्रश्न, प्रत्येकाला सलग दोन मिनिटं दाबायला देणार का? मिनिटाला ११० धरले तर दोन मिनिटांत २२० दाब होतात. पहिल्या मिनिटानंतरच दाबाची खोली कमी व्हायला लागते आणि गंमत म्हणजे दाबणाऱ्याला ते जाणवत नाही, त्याला वाटतं आपलं छान चाललंय. त्यासाठीच दोन मिनिटांनी माणूस बदलायचा नियम आहे. हे अंगावर घेतल्याशिवाय पटत नाही. माझे तळवे लाल झाले होते, कपाळावरचा घाम पुतळ्यावर टपकत होता, आणि शेवटच्या वीस-पंचवीस दाबांना ‘टक्’ येतच नव्हता.

केवळ ऑनलाइन वर्गाबद्दल बरेच जण विचारतात. विषय समजून घ्यायला तो चांगला आहे. थिअरी घरी मोबाइलवर आणि सराव प्रत्यक्ष, अशी विभागणी असेल तर वेळही वाचतो. पण सराव वगळून नुसतं प्रमाणपत्र मिळत असेल तर ते घेऊ नका.

नावांचा गोंधळ मात्र खूप आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनचा ‘बीएलएस’ (बेसिक लाइफ सपोर्ट) हा अभ्यासक्रम मुख्यतः डॉक्टर, नर्स, रुग्णालयातले कर्मचारी यांच्यासाठी आहे. सर्वसामान्यांसाठी त्यांचाच ‘हार्टसेव्हर’ आहे. दोन्हींचं कार्ड दोन वर्षं चालतं. आपल्याकडे भूलतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेच्या पुढाकाराने इंडियन रिससिटेशन कौन्सिल उभी राहिली आणि २०१७मध्ये तिने सामान्य माणसांसाठी ‘कोल्स’ (कम्प्रेशन ओन्ली लाइफ सपोर्ट) ही पद्धत मांडली. यात तोंडाने श्वास द्यायचा नाही, फक्त छाती दाबायची. मोठा माणूस अचानक कोसळला तर त्याच्या रक्तात पहिली काही मिनिटं पुरेल एवढा ऑक्सिजन असतो, कमी असतं ते रक्त फिरवणारं इंजिन. शिवाय अनोळखी तोंडाला तोंड लावायच्या संकोचाने लोक हातच लावत नाहीत, त्यापेक्षा नुसतं दाबलेलं लाखपट बरं. ज्याच्याकडे एखादी दुपारच मोकळी आहे त्याने हे शिकावं.

पण घरात लहान मूल असेल, गावाला विहीर, नदी किंवा समुद्र जवळ असेल तर तेवढ्यावर थांबू नका. बुडालेल्या माणसाचं किंवा गुदमरलेल्या बाळाचं हृदय बंद पडतं ते श्वास थांबल्यामुळे. रक्तातला ऑक्सिजन आधीच संपलेला असतो, तिथे श्वास द्यावाच लागतो. ३० दाब, २ श्वास हे चक्र शिकवणारा वर्ग बघा. बाळासाठी वेगळा छोटा पुतळा आहे का, तेही विचारा. इथे वर्ग किती ताजा आहे हेही कळतं. तान्ह्या बाळाची छाती दोन बोटांनी दाबायची जुनी पद्धत अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२५च्या मार्गदर्शक सूचनांतून काढून टाकली, कारण तिने पुरेशी खोली गाठता येत नाही. आता दोन्ही अंगठ्यांनी किंवा एका तळहाताच्या मनगटाजवळच्या भागाने दाबायला सांगतात. अजून दोन बोटं शिकवत असतील तर विचारायला लाजू नका.

आणखी एक गोष्ट वर्गात शिकवली जातेच का, हे मी मुद्दाम बघते. हृदय बंद पडल्यावर काही माणसं थोडा वेळ घरघरत, तोंड उघडून, थांबून थांबून आचके देतात. जमलेले लोक म्हणतात, “श्वास चालू आहे, थांबा.” तो श्वास नव्हे. हाक मारून, खांदे हलवून प्रतिसाद नाही आणि नेहमीसारखा श्वास नाही, एवढं दिसलं की १०८ किंवा ११२ला फोन लावून स्पीकरवर ठेवायचा आणि दाबायला लागायचं. उलट छातीत दुखतंय, घाम फुटलाय, पण माणूस बोलतोय, तर तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. त्याला तातडीने रुग्णालयात न्यायचं, त्याची छाती दाबायची नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे ज्या वर्गातून बाहेर पडताना स्पष्ट झालं नाही, तो वर्ग अपुरा.

प्रथमोपचाराचा अभ्यासक्रम निवडताना आपली माती बघायला हवी. रेड क्रॉस आणि सेंट जॉन अॅम्ब्युलन्स या जुन्या संस्था, त्यांचे वर्ग सविस्तर असतात. परदेशी साच्यातल्या काही खासगी वर्गांत मात्र हिमदंशावर अर्धा तास जातो आणि सापावर दोन ओळी. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं आहेत. देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसं गेली, असा संशोधकांचा अंदाज आहे. तेव्हा काय करायचं यापेक्षा काय करायचं नाही हे आधी शिकायचं: जखम कापायची नाही, चोखायची नाही, करकचून दोरी बांधायची नाही. सूज चढायच्या आत अंगठ्या, बांगड्या, पैंजण, जोडवी काढायची, तो हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवायचा, माणसाला चालू द्यायचं नाही, आणि प्रतिविष मिळेल अशा दवाखान्याकडे निघायचं. कोकणात लाल विंचू आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून या विंचवाच्या दंशाने होणारे मृत्यू खूप घटले, पण त्यासाठी माणूस वेळेत डॉक्टरपर्यंत पोचायला हवा, मांत्रिकाकडे नव्हे. कापूसपट्ट्यात राहणाऱ्यांनी फवारणीच्या विषबाधेबद्दल विचारावं. २०१७मध्ये यवतमाळात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी, शेतमजूर दगावले, ते आपण पाहिलं आहे. अंगावरचे भिजलेले कपडे काढणं आणि साबण-पाण्याने धुणं हा तिथला पहिला उपचार, तोही स्वतःच्या हातात मोजे घालून. भाजल्यावर हळद, टूथपेस्ट, शाई काही नाही. नळाखाली २० मिनिटं. घड्याळ लावून बघा, २० मिनिटं किती लांबतात ते.

बायकांच्या बाबतीत एक बोलायलाच हवं. सार्वजनिक जागी कोसळलेल्या बाईला पुरुषाच्या तुलनेत सीपीआर कमी वेळा मिळतो, असं वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. हात लावावा की नाही, हा संकोच त्यामागचं एक मोठं कारण. सरावाचे पुतळेही बहुतेक पुरुषी, सपाट छातीचे. आमच्या वर्गात बाईंनी पुतळ्याला ओढणी गुंडाळली, गळ्यात काळ्या मण्यांची पोत घातली आणि म्हणाल्या, “आता करा.” नऊपैकी चार जणांचे हात क्षणभर थबकले, त्यात मीही होते. दाबण्यासाठी कपडे काढायची गरज नसते. एईडी, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या छोट्या यंत्राच्या पट्ट्या चिकटवायच्या असतील तेव्हा मात्र छाती उघडी करावी लागते, आणि पोत पट्टीखाली येऊ नये म्हणून बाजूला सारावी लागते. ते यंत्र स्वतः बोलून सूचना देतं आणि गरज नसेल तर झटका देत नाही. वर्गात सरावाचं एईडी असेल तर ते स्वतः एकदा उघडून, पट्ट्या लावून बघा.

जायच्या दिवशी साडी नको. सलवार, पँट, ज्यात गुडघ्यांवर वीस मिनिटं बसता येईल असं काहीही. नखं कापलेली, अंगठ्या-बांगड्या घरी, पोटात हलकं काहीतरी. आदल्या आठवड्यात मोबाइलवर मेट्रोनोम (ठरावीक लयीत टिकटिक करणारं अॅप) मिनिटाला ११०वर लावून त्या लयीत मांडीवर थाप मारून बघितलीत तर वर्गात लयीचा विचार करावा लागत नाही. गुडघे दुखत असतील, कंबर धरली असेल किंवा दिवस गेले असतील तर आधीच सांगा. पुतळा टेबलावर ठेवून सराव करता येतो, आणि ज्याला दाबता येत नाही त्याला मोजायचं, फोन करायचं, दुसऱ्याला सूचना द्यायचं काम शिकता येतं.

मदत केली तर पोलिसांचं झंझट मागे लागेल, ही भीती मी अजून ऐकते. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या सूचना सर्वोच्च न्यायालयाने २०१६मध्ये बंधनकारक केल्या आणि २०१९मध्ये मोटार वाहन कायद्यात तसं कलमही आलं. नाव-गाव सांगायची सक्ती नाही. बरगडी मोडेल ही भीतीही प्रत्येकाला असते. मोडते कधीकधी. दाबत राहायचं. बरगडी जुळते.

शिकलेलं तीन ते सहा महिन्यांत हातातून निसटायला लागतं, कार्डावरची तारीख काही म्हणो. त्यामुळे आम्ही सोसायटीत वर्गणी काढून आवाज करणारा एक अर्धा पुतळा विकत घेतला आहे. तो हॉलच्या कपाटात असतो, दर तिमाहीला एका रविवारी बाहेर येतो. गेल्या खेपेला आमचे रात्रपाळीचे वॉचमन काकाही आले. साठीला आलेले, अंगाने किडकिडीत. त्यांनी सलग दोन मिनिटं दाबलं आणि एकही ‘टक्’ चुकला नाही. रात्री दोन वाजता कुणाच्या दारात सगळ्यात आधी पोचणारे तेच आहेत. येत्या रविवारी बाकीचे तिघे वॉचमन येणार आहेत. त्यांच्या पाळ्या सांभाळून वेळ दुपारी चारची ठेवली आहे.