वाचता न येणारं मूल आणि बुद्ध्यांकाचा आकडा: अध्ययन अक्षमतेच्या तपासणीची पार्श्वभूमी

मुलाच्या तपासणीचा अहवाल हाती आला की पालकांची नजर पहिल्यांदा बुद्ध्यांकावर जाते. तक्रार वाचनाची असताना बुद्धी का मोजली, असाही प्रश्न त्यांना पडतो. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर इतिहासात सापडतं, कारण या तपासणीत दोन वेगळ्या वाटा एकत्र आल्या: एक डॉक्टरांची आणि दुसरी शाळांची.

डॉक्टरांची वाट जुनी. मेंदूला इजा झाल्यावर नजर आणि बोलणं शाबूत असूनही वाचन गेलेल्या प्रौढांसाठी आडोल्फ कुसमाउल यांनी १८७७ मध्ये ‘शब्दांधत्व’ हा शब्द वापरला. १८८७ मध्ये श्टुटगार्टचे नेत्रतज्ज्ञ रुडॉल्फ बर्लिन यांनी ‘डिस्लेक्सिया’ हे नाव दिलं. इजा नसलेल्या मुलातही असं असू शकतं, हे इंग्लंडमधल्या सीफर्डचे डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी १८९६ मध्ये मांडलं. त्यांनी वर्णन केलेला १४ वर्षांचा मुलगा सातव्या वर्षापासून शिकत होता, गणितात चांगला होता, पण स्वतःचं नाव लिहिताना अक्षरांची अदलाबदल करायचा. सगळं तोंडी शिकवलं तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरेल, असं त्याच्या शिक्षकांचं मत होतं. ‘हुशार आहे, तरी वाचता येत नाही’ ही प्रतिमा तिथून रुजली आणि पुढे तिने बरंच नुकसानही केलं.

शाळांची वाट पॅरिसची. फ्रान्समध्ये १८८२ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं आणि वर्गाबरोबर चालू न शकणारी मुलं प्रथमच मोठ्या संख्येने शिक्षकांसमोर आली. अशी मुलं ओळखायची कशी, यासाठी १९०४ मध्ये आयोग नेमला गेला. आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमों यांनी १९०५ मध्ये ३० कृतींची मापनश्रेणी तयार केली. पेटत्या काडीमागे नजर फिरवण्यापासून ती सुरू व्हायची आणि आकडे ऐकून पुन्हा सांगणं, शब्दांचे अर्थ सांगणं असं करत चढत जायची. १९०८ च्या आवृत्तीत या कृती वयानुसार लावल्या गेल्या; मुलाला ज्या वयाच्या कृती जमतात, ते त्याचं मानसिक वय. हा आकडा कायमचा नाही, असं बिने स्वतः बजावत होते. १९११ मध्ये ते वारले. पुढच्याच वर्षी विल्यम श्टर्न यांनी मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागायची पद्धत सुचवली आणि १९१६ च्या स्टॅनफर्ड आवृत्तीत लुइस टर्मन यांनी त्या भागाकाराला १०० ने गुणलं. मदत कोणाला हवी हे शोधायला केलेलं साधन असं मुलाच्या कपाळावरचा शिक्का झालं.

त्या भागाकारात खोटही होती. दोन वर्षं मागे असलेल्या सहा वर्षांच्या मुलाचा आकडा ६७ येतो आणि तितकंच मागे असलेल्या बारा वर्षांच्या मुलाचा ८३. डेव्हिड वेक्सलर यांनी मुलांसाठीच्या १९४९ च्या चाचणीत मानसिक वय काढून टाकलं आणि मुलाची तुलना फक्त समवयस्कांशी केली. त्यात सरासरी १०० आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप) १५, म्हणजे ८५ ते ११५ मध्ये साधारण दोन तृतीयांश मुलं येतात. वाचन-लेखनाच्या चाचण्याही याच मापावर बसवता येत असल्याने दोन आकड्यांची वजाबाकी सोपी झाली. पुढचा गोंधळ या सोयीतूनच झाला.

१९६३ मध्ये शिकागोच्या पालक परिषदेत मानसशास्त्रज्ञ सॅम्युएल कर्क यांनी ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ म्हणजे अध्ययन अक्षमता ही संज्ञा मांडली आणि तिच्याभोवती पालकांच्या संघटना उभ्या राहिल्या. अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने अपंग मुलांना शिक्षणाचा हक्क मिळाला. या मुलांपैकी अध्ययन अक्षमता कोणाला, हे ठरवायला १९७७ च्या नियमांनी बुद्धी आणि संपादन (वाचन, लेखन, गणितात प्रत्यक्ष गाठलेली पातळी) यांतल्या ‘तीव्र तफावती’चा निकष दिला.

हा निकष कुठे फसतो, ते आकड्यांत पाहावं. समजा, तफावत दीड प्रमाण विचलन, म्हणजे साडेबावीस गुण हवी. बुद्ध्यांक १०७ आणि वाचन ८४ असलेलं मूल पात्र ठरतं. बुद्ध्यांक १०४ आणि वाचन तेच ८४, तर तफावत २० म्हणून नाकारलं जातं. बुद्ध्यांक ८८ आणि वाचन ७४ असलेलं मूल तर दोघांपेक्षा वाईट वाचतं, पण त्याची तफावत फक्त १४. त्यातून प्रत्येक आकड्यात पाच-सहा गुणांची मापनचूक संभवते आणि वजाबाकी केली की दोन्ही चुका एकत्र येतात. पहिली-दुसरीत एवढी तफावत साठलेलीच नसते, म्हणून मूल पुरतं मागे पडेपर्यंत थांबावं लागतं. शिवाय कमी वाचणाऱ्याचा शब्दसंग्रह तुटपुंजा राहतो, तोंडी उपचाचण्यांतले गुण घसरतात आणि तफावत आपोआप आकुंचन पावते.

मानसशास्त्रज्ञ लिंडा सीगल यांनी १९८९ मध्ये थेट म्हटलं की अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येशी बुद्ध्यांकाचा संबंध नाही. जास्त आणि कमी बुद्ध्यांकाचे अडखळणारे वाचक एकाच ठिकाणी अडतात, शब्दातले ध्वनी सुटे करण्यात. त्याआधीच चाचण्यांच्या सांस्कृतिक कलाचा प्रश्न कोर्टात गेला होता. कृष्णवर्णीय मुलांना मतिमंदांच्या वर्गात टाकण्यासाठी बुद्ध्यांक वापरण्यावर कॅलिफोर्नियातल्या न्यायालयाने १९७९ मध्ये बंदी घातली.

अमेरिकेच्या २००४ च्या कायद्याने तफावतीची सक्ती उठवली आणि आधी शिकवून प्रतिसाद पाहायची वाट मोकळी केली. डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकी पुस्तिकेतही (२०१३) तफावत नाही. तिथे नेमकी मदत देऊनही किमान सहा महिने टिकलेली अडचण, वयाच्या मानाने बरंच कमी कौशल्य, आणि बौद्धिक अक्षमता, दृष्टी-श्रवणदोष, भाषेची अपुरी ओळख किंवा अपुरं अध्यापन यांपैकी काही मूळ कारण नसणं, हे पाहतात.

म्हणून आजची तपासणी कान-डोळे तपासून, जन्मापासूनचा विकास विचारून आणि वह्या चाळून सुरू व्हायला हवी. मग शब्दवाचन, निरर्थक शब्दांचं वाचन, उताऱ्याची गती, शुद्धलेखन, स्वतंत्र लेखन आणि गणित. निरर्थक शब्द यासाठी, की पाठांतर तिथे कामी येत नाही. अक्षर आणि उच्चार यांचा मेळ पक्का असलेल्या लिपीत मूल चुका कमी करतं, पण फार सावकाश वाचतं. तिथे फक्त चुका मोजल्या तर अडचण निसटते. वेळ मोजावाच लागतो.

बुद्धिमापनाला अजून जागा आहे, ती बौद्धिक अक्षमता वेगळी काढण्यापुरती आणि बलस्थानं दाखवण्यापुरती. तिथेही मानकं, म्हणजे ज्या मुलांच्या गुणांशी तुलना होते ती मापं, कोणत्या साली बसवली ते पाहावं, कारण जुन्या मानकांवर दर दशकामागे सुमारे तीन गुण फुगून येतात. चाचणी कोणत्या भाषेत झाली, तेही अहवालात लिहिलेलं हवं. आणि तीच चाचणी थोड्याच महिन्यांत पुन्हा दिली, तर वाढलेले गुण सरावाचे असतात.